गंधारावरचा लाल ठिपका

सत्तरी ओलांडली की माणसाचे गुडघे धरतात, साखर वाढते. अणदूरच्या दत्तोपंत मोहोळकरांना यातलं काही झालं नव्हतं. त्यांना लोकांचा तिटकारा होता आणि त्यावरच त्यांची प्रकृती ठणठणीत होती. सकाळी पेपरात कुणा गायकाचा फोटो दिसला की ते नुसतं 'हं' म्हणत आणि पान उलटत. देवळाच्या स्पीकरवर भजन लागलं की खिडकी लावून घेत. शेजारणीची सून स्वयंपाक करताना गुणगुणायची, तर तिला त्यांनी एकदा कुंपणावरून सांगितलं होतं, "बाई, आमटीत मीठ अंदाजानं चालतं, सूर चालत नाही."

हायवेच्या कडेला एका गाळ्यात अलीकडे कीबोर्डचा क्लास निघाला होता. तिथं पट्ट्यांवर रंगीत स्टिकर चिकटवलेले: सा लाल, रे नारिंगी, ग पिवळा. पोरांच्या पुस्तकात त्याच रंगांचे गोळे. पोरगं गोळा बघणार आणि त्या रंगाची पट्टी दाबणार, झालं संगीत. दत्तोपंतांनी दारात उभं राहून हा तमाशा पाच मिनिटं पाहिला आणि क्लासवाल्याला म्हणाले, "माकडाच्या हातात कोलीत दिलं तर निदान उजेड तरी पडतो." क्लासवाला बिचारा हसला. त्याला वाटलं, म्हातारबुवांनी कौतुक केलं.

पण रंगावरच राग होता म्हणावं तर तसंही नाही. दत्तोपंतांच्या स्वतःच्या घरात, देवाशेजारच्या कोनाड्यात, एक रंगीत वही होती, आणि त्यांचं सगळं मोठेपण त्या वहीवर उभं होतं.

वही जळकोटच्या गुरुसिद्धप्पा बुवांची. बुवा लिंगायत वाण्याच्या घरातले. किराणा दुकान भावाच्या गळ्यात घालून स्वतः पेटी घेऊन बसलेले. मराठीत आणि कानडीत पदं करायचे, चाली लावायचे आणि स्वरलिपीत लिहून ठेवायचे. कोमल म्हणजे उतरलेला स्वर दाखवायला अक्षराखाली बारीक आडवी रेघ देतात. चाळिशी लागल्यावर बुवांना ती रेघ दिसेना, म्हणून त्यांनी आपल्यापुरती सोय काढली. अक्षर काळ्या शाईचं. स्वर कोमल असेल तर त्याच्या डोक्यावर लाल ठिपका. जिथं गाणाऱ्यानं थांबायचं, स्वर धरून ठेवायचा, तिथं पिवळा. दोन रंग, दोन अर्थ, संपलं.

दत्तोपंत पोरवयात अणदूरहून सायकल मारत जळकोटला जायचे आणि बुवांकडे शिकायचे. अशी दहा वर्षं गेली. मग कळंबच्या एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी लागली. तिथं बारा वर्षं त्यांनी अडत्यांच्या पोरांना सरगम शिकवली आणि त्या पोरांची मनापासून घृणा केली. त्याच काळात बुवांनी आपलं शेवटचं पद केलं, खंडोबाचं. दत्तोपंतांनी ते बुवांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सुट्टीत एखादी चक्कर मारता आली असती, पण नोकरी लागलेल्या शिष्याला गुरूचं घर लांब पडतं. एकोणनव्वद साली बुवा गेले. त्याच वर्षी दत्तोपंतांना अणदूरच्याच शाळेत जागा मिळाली, आणि आल्या आल्या ते वही घ्यायला जळकोटला गेले.

घरात बुवांची लेक होती, मल्लम्मा. नवऱ्यामागं दोन पोरं घेऊन बापाकडे राहिलेली. शाळेचं तोंड न पाहिलेली.

"वही माझ्याकडं दे," दत्तोपंत म्हणाले. "तुझ्या घरात उंदीर खातील."

"उंदीर न्हाईत, दत्तूअण्णा. पेटीत ठिवलीय, लिंबाचा पाला घालून."

"तुला वाचता येतं का त्यातलं?"

तिला येत नव्हतं. तिनं जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात वही गुंडाळली, गाठ मारली आणि दिली. त्या तुकड्याला तेलाचा वास येत होता. दत्तोपंतांनी घरी पोचताच तो दोन बोटांत धरून बंबाखाली घातला. गुरूची वही आणि वाण्याच्या घरातल्या बाईचं फडकं, छे. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्याला आतून चांगला चुना फासून घेतला, दोन हात. आषाढाचे दिवस, गुरुपौर्णिमा तोंडावर. त्या दिवशी सकाळी वही कशातही न गुंडाळता कोनाड्यात ठेवली, हार घातला आणि अकरा दिवसांचं अनुष्ठान धरलं. तोवर वहीला हात लावायचा नाही. बाहेर पाऊस, भिंतींना ओल. वहीचा मागचा पुठ्ठा कधीच निघून गेला होता, त्यामुळे शेवटचं पान लिहिलेल्या बाजूनं खाली, कोनाड्याच्या तळावर टेकलेलं होतं.

बाराव्या दिवशी त्यांनी वही उचलली तर शेवटचं पान तळाला चिकटलेलं. अलगद सोडवलं. पानावर पांढरी भुकटी होती. दत्तोपंतांचे डोळे भरून आले. बुवा रोज सकाळी कपाळाला विभूती लावत. लिहिताना त्यांच्या बोटांची विभूती पानावर उतरली असणार. त्यांनी ती बोटानं टिपून कपाळाला लावली आणि मग शेवटचं पद वाचलं.

पद भूप रागातलं दिसत होतं. भूप म्हणजे साधा, प्रसन्न राग, सगळे स्वर शुद्ध. पण इथं ओळीच्या शेवटी जिथं जिथं गंधार, म्हणजे ग, होता, तिथं तिथं डोक्यावर लाल ठिपका. म्हणजे कोमल. प्रसन्न भूप चालता चालता एकदम रडवेला व्हायचा. आणि पिवळा ठिपका अख्ख्या पदात एकही नाही, म्हणजे थांबायला जागाच नाही. दुसऱ्या एखाद्याला वाटलं असतं, हे काय आक्रीत. दत्तोपंतांना वाटलं, गुरुकृपा. त्यांनी ते पद दम न घेता म्हणायचा सराव केला आणि त्या गंधाराला नाव दिलं 'गुरुसिद्ध गंधार'. त्यावर व्याख्यानं दिली, लेख लिहिला, सोलापूरला शाल आणि नारळ मिळवला. त्यांच्या हाताखालच्या शंभरेक पोरांनी तो ठिपका लाल स्केचपेननं आपापल्या वहीत उतरवून घेतला.

बुवांच्या पाचव्या स्मृतिदिनाला अणदुरात कार्यक्रम झाला. कुणीतरी मल्लम्माला बोलावलं. तिनं बापाचं शेवटचं पद म्हटलं, सरळ भुपात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी शुद्ध गंधारावर निवांत थांबली. दत्तोपंत पहिल्या रांगेत होते. पद संपलं तसे ते उठले, माइक हातात घेतला आणि वही उघडून लोकांना दाखवली.

"बुवांची लेक म्हणून इतका वेळ ऐकून घेतलं," ते म्हणाले. "पण पद असं नाही. हा लाल ठिपका बघा, बुवांच्या हातचा. बाईंनी बापाच्या पदाची शाळेतली प्रार्थना करून टाकली. वारसा रक्तातून येत नाही, वहीतून येतो."

मग त्यांनी पद 'बरोबर' म्हणून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळलं कुणालाच नव्हतं, पण लिहिलेलं दाखवल्यावर माणूस टाळी वाजवतोच. मल्लम्मा खाली उतरली, चपला शोधल्या आणि बसस्टँडवर गेली.

तिथून पुढं दत्तोपंतांना एक हुकमी गंमत मिळाली. वर्गात पोरं कंटाळली की ते मान एका बाजूला टाकत, डोळे मिटत आणि नाकातून मल्लम्माची नक्कल करत, त्या लांबवलेल्या गंधारासकट. पोरं हसून लोळत. नव्या पोरांना जुनी पोरं सांगत, सरांना मल्लम्मा करायला लावा. निवृत्तीनंतरही घरी चार लोक जमले की ती होई. माणसाला जी गोष्ट मनापासून आवडते ती त्याच्याकडून कधी बिघडत नाही, आणि दत्तोपंतांना तिला हिणवणं फार आवडायचं.

आता बुवांच्या पदांचं पुस्तक निघत होतं. वैदेही नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी सोलापूरच्या एका कॉलेजात संगीत शिकवते. तिनं खटपट करून पुस्तक रंगीत छापायचं ठरवलं होतं, बुवांचे ठिपके जसेच्या तसे. पन्नास पदं, संपादक दत्तोपंत, आणि बारा पानांची प्रस्तावना, सगळीच्या सगळी गुरुसिद्ध गंधारावर. आयुष्यभर दुसऱ्यांना अडाणी ठरवण्यात घालवलेल्या माणसाच्या मागं राहील असं हे एकच काम होतं, आणि दत्तोपंतांना ते पक्कं ठाऊक होतं. बायको गेली होती, मुलगा फोनवर 'जेवलात का' याच्या पुढं जात नव्हता.

वैदेहीनं वहीचे फोटो काढून छापखान्यात दिले, तर तिथून एक शंका आली. ती गाडी घेऊन अणदूरला आली तेव्हा तिनं ती सरांना विचारली.

"सर, छापखान्यातला माणूस विचारतोय, वहीत दोन लाल आहेत, दोन्ही वेगळे छापायचे का? बाकीच्या पानांवरचा लाल एकसारखा भरलेला आहे. शेवटच्या पानावरचा कडेनं पिवळट आहे."

"छापखान्यातल्या माणसाला लग्नपत्रिका छापू दे."

"पण मलाही दिसतंय, सर. आणि या एका पदात थांबायची खूणच कशी नाही?"

"कारण ते अखंड आहे. तुला नोकरी लागली म्हणजे अक्कल आली असं नाही."

वैदेहीनं गाडीची किल्ली उचलली. तिला सरांची सवय होती. प्रकाशकाला वारसाची लेखी संमती हवी होती, म्हणून दोघं वही घेऊन जळकोटला निघाले. नळदुर्ग मागं पडलं तशी दत्तोपंतांना लहर आली. "तू ऐकली होतीस का आमची मल्लम्मा?" असं म्हणून त्यांनी गाडीतच मान टाकली आणि नाकातून अख्खं पद म्हणून दाखवलं. वैदेही शाळेत असताना या नकलेला पोट धरून हसली होती. आज ती नुसतीच समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

मल्लम्मा दारातच उडीद पाखडत बसली होती. अडुसष्ट वर्षांची, ऐकायला कमी नाही, दिसायला थोडं कमी. कमरेला पानाची चंची. दत्तोपंतांना पाहून ती उठली, घोंगडी अंथरली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. तिच्या वागण्यात राग नव्हता, आणि याचाही दत्तोपंतांना तिरस्कारच वाटला. स्वाभिमान असता तर दारात उभं केलं नसतं.

वैदेहीनं कागद वाचून दाखवला. मल्लम्मानं पोरीसारखी वळणं घेत सही केली. साक्षरता वर्गात तेवढी शिकली होती. मग पदराला हात पुसून म्हणाली, "वही बघू का जरा? लई वर्सं झाली."

दत्तोपंतांनी वही वैदेहीच्या हातून दिली. मल्लम्मा एक एक पान उलटत गेली, वास घेत. अक्षर तिला येत नव्हतं, पण ठिपक्यांवरून बोट फिरवत होती.

"हे रंग म्या करायची," ती वैदेहीला म्हणाली. "अप्पा म्हणायचे, मल्लू, शाई कर. हळद पाण्यात कालवून डिंक घातला की पिवळं. त्याच हळदीत चिमूटभर चुना घातला की तांबडं. दुकानचं कुंकू पाण्यात फुटतंय, म्हणून घरचंच."

दत्तोपंत दहा वर्षं त्या घरात शिकले होते. रंग कुठून येतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वाटीत भरलेले रंग स्वयंपाकघरातून यायचे.

मल्लम्मा शेवटच्या पानावर आली आणि थांबली. पान डोळ्यांजवळ धरलं. नखानं पांढरी भुकटी खरवडली आणि जिभेच्या टोकाला लावली.

"अगं," दत्तोपंत ओरडलेच, "बुवांची विभूती आहे ती."

"विभूती जिभंला लागत न्हाय, दत्तूअण्णा. ह्यो चुना हाय." तिनं पुन्हा पान पाहिलं. "आन् हे तांबडं माझ्या हातचं न्हाय. माझं तांबडं असं कडंला फुटत न्हाय. ही हळद हाय. हळदीला नंतर चुना लागलाय. कुठं ठिवली हुती वही?"

तिनं सुनेकडून हळदीचा डबा मागवला, सहीच्या कागदाच्या कोपऱ्यावर ओल्या बोटानं एक पिवळा ठिपका दिला, चंचीतल्या डबीतला चुना करंगळीवर घेऊन त्यावर टेकवला. ठिपका बघता बघता लाल झाला, कडेनं पिवळट.

ताजा चुना फासलेला कोनाडा दत्तोपंतांच्या डोळ्यांसमोर आला. लुगड्याचं फडकं बंबाखाली घातलं नसतं तर पान चुन्याला टेकलं नसतं. बुवांनी गंधारावर फक्त 'इथं थांब' असं लिहिलं होतं. पस्तीस वर्षं दत्तोपंत नेमके तिथंच थांबले नव्हते. बारा पानांची प्रस्तावना, शाल, नारळ, सगळं एका ओल्या भिंतीनं लिहिलेलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

"आजी," वैदेही म्हणाली, "म्हणजे तुमचंच बरोबर होतं. म्हणा ना ते पद. मी लिहून घेते, पुस्तकात तसंच छापू."

मल्लम्मानं घसा साफ केला आणि म्हणायला लागली. पहिली ओळ संपली, आणि गंधार आला तो कोमल. दम न घेता ती पुढच्या ओळीत गेली. दत्तोपंत म्हणायचे तसंच, हुबेहूब.

"आजी, हे तर सरांचं झालं."

"व्हय," मल्लम्मा म्हणाली. "त्या दिवशी वहीत दावलं ना त्यांनी. म्या म्हणलं, बापानं लिवलंय म्हंजी माझंच चुकलं असंल, आपण अडाणी. मग घरी बसून सुधरून घेतलं. वरीस गेलं त्यात. सवय मोडत नव्हती, एकटीच रडत म्हणायची." तिनं पुन्हा सुरुवात केली, गंधार वर धरायचा प्रयत्न केला. तो घसरला. तिसऱ्यांदाही घसरला. "आता न्हाय यीत ते जुनं. गेलं."

ती उडदाच्या सुपाकडे बघत राहिली. बापाचं पद तिच्याकडून गेलं होतं, आणि ते तिनं स्वतः, मेहनतीनं, पुसून काढलं होतं.

"सर," वैदेही हळूच म्हणाली, "गाडीत म्हटलंत, तसं म्हणा."

दत्तोपंतांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. ती पेन्सिल घेऊन बसून राहिली. आणि मग त्यांनाही कळलं. वहीत थांबायची खूण होती, किती आणि कसं थांबायचं ते नव्हतं. ते पद जसंच्या तसं आता जगात एकाच माणसाकडे होतं, आणि त्यानं ते थट्टेसाठी सांभाळलं होतं.

आधी त्यांनी आपल्या कमावलेल्या आवाजात म्हणून पाहिलं. गंधार खाली आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा खाली. गळ्याला पस्तीस वर्षांचं वळण होतं. शेवटी त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला टाकली आणि नाकातून सूर काढला. गंधार शुद्ध लागला, आणि तिथं थांबला, निवांत, जितका थांबायला हवा तितका. त्यांनी पद शेवटपर्यंत म्हटलं. डोळे उघडायची हिंमत त्यांना लवकर झाली नाही.

"मी अशी म्हणत हुते व्हय?" मल्लम्मानं विचारलं.

"नाही. तुझा आवाज चांगला होता. नाकातलं माझं आहे."

"लोकं हसायची?"

"हसायची. मी हसवायचो."

मल्लम्मानं सुपातले दोन खडे वेचून टाकले. आत सुनेनं चहाची भांडी विसळली, रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग तिनं सूप बाजूला सारलं.

"नाक सोडून म्हणा."

त्यांनी म्हटलं. गंधार घसरला.

"ऱ्हाऊ द्या मग. नाकातनंच म्हणा. म्या तसंच शिकते."

ती मांडी घालून ताठ बसली, एक हात गुडघ्यावर तालाला ठेवला. दत्तोपंतांनी मान टाकून पहिली ओळ म्हटली, आणि बुवांची लेक बापाचं पद त्यांच्या मागोमाग म्हणू लागली, जसंच्या तसं, नाकातून.